स्कूटरचं कूलंट: कसं तपासायचं, कधी भरायचं आणि घरच्या घरी कसं बदलायचं

इंजिन ऑइल शेवटचं कधी बदललं हे स्कूटरवाल्याला विचारा, महिना नाहीतर किलोमीटर काहीतरी नक्की सांगेल. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, शेवटचं कधी बघितलं असं विचारा, बऱ्याच जणांना त्याची टाकी गाडीत कुठे आहे तेच माहीत नसतं. माझंही तसंच होतं. सर्व्हिसिंगहून गाडी परत आली की टाकी वरच्या खुणेपर्यंत भरलेली दिसायची म्हणून मी निवांत असायचो, पण दर वेळी ती भरावी लागतेय म्हणजे मधल्या काळात कुठून तरी जातंय हे वर्कशॉपवाल्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, शेवटी वॉटर पंपाचा (कूलंट फिरवणाऱ्या पंपाचा) सील पार गेला तेव्हा सगळा उलगडा झाला. म्हणून कूलंट भरायचं कसं एवढंच सांगून मी थांबणार नाहीये, कमी झालेलं कूलंट गेलं कुठे हे शोधायचं कसं ते जास्त सविस्तर सांगतो.

आधी तुमच्या स्कूटरमध्ये कूलंट आहे का ते बघा

सगळ्या स्कूटरना कूलंट नसतं. होंडा ॲक्टिव्हा, टीव्हीएस ज्युपिटर अशा रोजच्या वापरातल्या बहुतेक स्कूटर एअर कूल्ड असतात, इंजिनाच्या बाजूला एक पंखा असतो, तो सिलिंडरवर हवा मारतो आणि काम भागतं, त्यांना रेडिएटरही (गरम कूलंट हवेने थंड करणारी जाळी) नसतो आणि कूलंटही नसतं. यामाहा एरॉक्स १५५, एनमॅक्स, होंडा पीसीएक्स, व्हेस्पा जीटीएस ३०० या गाड्या लिक्विड कूल्ड, म्हणजे इंजिनाच्या आत पाणीवजा द्रव फिरतो. तुमची कुठली आहे ते मॅन्युअलमध्ये पाच मिनिटात कळतं, किंवा डॅशबोर्डवर थर्मामीटरसारखं चिन्ह असलेला दिवा किंवा टेंपरेचरच्या कांड्या असतील तर लिक्विड कूल्ड असण्याची शक्यता खूप जास्त.

लिक्विड कूल्डमध्येही दोन प्रकारची मांडणी दिसते आणि पुढचं बरंचसं काम त्यावर अवलंबून आहे म्हणून आत्ताच बघून ठेवा. पीसीएक्स, एनमॅक्स अशा गाड्यांमध्ये छोटासा रेडिएटर इंजिनाच्या उजव्या अंगाला, प्लॅस्टिकच्या जाळीदार कव्हरमागे बसवलेला असतो. व्हेस्पा जीटीएसमध्ये रेडिएटर पुढे, पायासमोरच्या पत्र्यामागे असतात आणि त्यांना विजेचा पंखा असतो, पाइपही लांबलचक असतात. बाजूच्या रेडिएटरवाल्या छोट्या गाडीत सगळं मिळून साधारण अर्धा लिटर कूलंट मावतं, पुढे रेडिएटर असलेल्या मोठ्या गाडीत ते दोन लिटरपर्यंत जातं. अर्ध्या लिटरमधलं शंभर मिली कमी झालं तर तो पाचवा हिस्सा झाला, कारमध्ये शंभर मिली गेलेलं कुणाला कळणारही नाही. स्कूटरमध्ये लेव्हलकडे जास्त बारीक लक्ष द्यायला लागतं ते यामुळेच.

आत नेमकं काय चालतं

कूलंट म्हणजे ग्लायकॉल (बहुतेक वेळा एथिलिन ग्लायकॉल), शुद्ध पाणी आणि गंज रोखणारी रसायनं. उष्णता वाहून नेण्यात खरं तर साधं पाणीच जास्त चांगलं, पण ते १०० अंशाला उकळतं, शून्याला गोठतं आणि ॲल्युमिनियमला हळूहळू खातं. निम्मं ग्लायकॉल निम्मं पाणी केलं की मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि उकळायला साधारण १०७ अंश लागतात. त्यावर रेडिएटरची कॅप आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त धरून ठेवते, त्यामुळे उकळबिंदू आणखी वर, १२५ च्या आसपास जातो. म्हणजे तापलेल्या इंजिनात १०० च्या वर तापमान असलेला द्रव केवळ त्या कॅपच्या दाबामुळे द्रव राहिलेला असतो, कॅप उघडली की दाब गेला आणि त्याच क्षणी तो वाफ होऊन तोंडावर उडतो. गरम इंजिनाची कॅप उघडू नका असं सगळेच सांगतात, त्यामागे हे कारण आहे आणि मी ते अगदी कळकळीने सांगतोय, फडकं धरून जरा सैल करून बघतो असलंसुद्धा काही करू नका, भाजलेला हात आणि चेहरा भरून यायला फार वेळ लागतो.

गरम झालं की कूलंट फुगतं, अर्ध्या लिटरमागे वीस पंचवीस मिली. ते जास्तीचं कॅपमधला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडून बारीक नळीने रिझर्व्ह टाकीत जातं, आणि इंजिन थंड झालं की आत ओढ निर्माण होते, कॅपमधला दुसरा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढंच कूलंट परत रेडिएटरमध्ये खेचलं जातं. म्हणून टाकीतली लेव्हल गरम असताना वर आणि थंड असताना खाली दिसते, त्यात बिघाड काही नाही.

व्हेस्पा जीटीएससारख्या काही गाड्यांमध्ये वेगळी रिझर्व्ह टाकी नसते, दाबाची कॅप थेट टाकीवरच असते. त्या गाड्यांमध्ये टाकीचं झाकणसुद्धा गरम असताना उघडायचं नाही.

महिन्यातून एकदा: पाच मिनिटांची तपासणी

वेळ सकाळची ठेवा, रात्रभर उभी असलेली गाडी, चालू करायच्या आधी. बाहेरचं पॅनल कोमट लागत नाही म्हणजे इंजिन थंड असं नसतं, आतलं पाणी दोन तीन तास गरम राहू शकतं, त्यामुळे रात्रभराचा नियम सोपा आणि पक्का.

गाडी सपाट जागेवर सेंटर स्टँडला लावा. साइड स्टँडवर गाडी एका बाजूला कललेली असते, टाकी अरुंद असते, तेवढ्या कलण्याने लेव्हल चक्क खोटी दिसते, कमी असताना भरलेली दिसू शकते. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टाकी शोधा. फुटबोर्डजवळ छोटी खिडकी असते, किंवा पुढच्या पॅनलमागे, किंवा एखादं झाकण स्क्रूने काढावं लागतं. टाकी अर्धपारदर्शक असते, तिच्यावर दोन रेघा असतात, जपानी गाड्यांवर अप्पर आणि लोअर, युरोपियन गाड्यांवर मॅक्स आणि मिन. टॉर्च टाकीच्या मागून किंवा बाजूने मारा, समोरून मारला तर प्लॅस्टिकच चमकतं आणि आतली पातळी दिसत नाही. टाकी जुनी होऊन पिवळट झाली असेल तर गाडी हलकेच हलवा, हलणारी रेघ दिसते. एक फसगत इथे नेहमी होते: आतून डाग पडलेला असतो आणि तो डागच लेव्हल वाटतो, न हलणारी रेघ म्हणजे डाग.

दोन रेघांच्या मधे असेल तर काही करायचं नाही. मोबाइलमध्ये एक फोटो काढून ठेवा. मागच्या महिन्याचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवले की घट डोळ्यासमोर येते, आठवणीवर विसंबलं तर "गेल्या वेळी पण एवढंच होतं बहुतेक" असं म्हणत म्हणत टाकी रिकामी होते.

लेव्हल बघून झाल्यावर गाडीखाली बघा. जमिनीवर रंगीत थेंब, आणि पाइपांच्या जोडांपाशी सुकलेला पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थर. कूलंट हळूहळू पाझरतं तेव्हा थेंब पडायच्या आधीच गरम भागावर सुकून जातं आणि मागे असा खरखरीत थर सोडतं, त्यामुळे ओल दिसली नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. पाइप बोटांनी दाबून बघा, चांगला पाइप घट्ट पण लवचिक लागतो, पिचपिचीत लागला, दाबल्यावर बारीक भेगा उघडल्या किंवा क्लॅम्पजवळ (पाइप आवळून धरणाऱ्या कडीजवळ) फुगलेला दिसला तर बदलायला आला.

रंग आणि वास

दर दोन तीन महिन्यांनी थोडं कूलंट बाहेर काढून बघावं असं माझं मत आहे, सुई काढलेली सिरिंज टाकीत घालून पाच मिली ओढायचं आणि पांढऱ्या वाटीत टाकायचं (ती वाटी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही). स्वच्छ, पारदर्शक, मूळ रंगाचं असेल तर उत्तम. तपकिरी, गढूळ असेल तर आत गंज किंवा क्षार आहेत आणि गंजरोधक रसायनं संपलेली आहेत. वर तेलाचा तवंग दिसला किंवा फेसकट चहासारखं काही निघालं तर इंजिन ऑइल त्यात मिसळतंय, गाडी चालवू नका, मेकॅनिककडे न्या. जेलीसारखे गोळे दिसले तर कुणीतरी दोन न जमणारी कूलंट एकत्र केलेली आहेत, पूर्ण धुऊन काढल्याशिवाय इलाज नाही.

फक्त रंगावरून मात्र निकाल देऊ नका. ग्लायकॉल वर्षानुवर्षं तापून तापून आम्ल बनवत जातं, रसायनं ते आम्ल शांत करता करता संपतात आणि रंग मात्र तसाच सुंदर हिरवा राहू शकतो. म्हणून तारखेवर बदलायचं. बहुतेक कंपन्यांचं वेळापत्रक दोन ते तीन वर्षांचं असतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते धरा, किलोमीटर कमी झालेत म्हणून पुढे ढकलू नका कारण उभ्या गाडीतही रसायनं वयाने संपतातच.

मिश्रणाचं प्रमाण बघायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आतली रेघ वाचायची, एथिलिन ग्लायकॉल आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल यांची मापं वेगळी असतात तेवढं बघा. एकच स्कूटर असेल तर घ्यायची गरज नाही.

लेव्हल कमी निघाली तर

वर्षभरात बाष्पीभवनाने लेव्हल थोडीशी उतरते, ते चालतं. पण दोन रेघांमधलं सगळं कूलंट एकदोन महिन्यात गेलं तर ती गळतीच, दुसरं काही नाही, आणि नुसतं वरून भरत राहणं म्हणजे दुखण्यावर गोळी घेऊन कामाला जाणं.

लेव्हल खालच्या रेघेजवळ असेल, टाकीत अजून कूलंट दिसत असेल तर सोपं आहे, टाकीचं झाकण उघडायचं, आत जे आहे त्याच प्रकारचं कूलंट बारीक नरसाळ्याने वरच्या रेघेपर्यंत भरायचं, रेघेच्या वर नाही, कारण गरम झाल्यावर फुगून जागा लागते, जास्त भरलं तर ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं आणि मग तुम्ही गळती शोधत बसता.

टाकी पूर्ण रिकामी असेल तर गोष्ट वेगळी, आणि इथेच सगळ्यात जास्त चूक होते. टाकी कोरडी म्हणजे थंड होताना रेडिएटरने कूलंटऐवजी हवा ओढलेली आहे, म्हणजे आतही कमी झालंय. नुसती टाकी भरून काम होत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप उघडा, तोंडापर्यंत भरा, हवा काढा (कशी ते खाली बदलण्याच्या भागात सांगतो), मग टाकी भरा. असल्या वेळी डॅशबोर्डवर टेंपरेचर नॉर्मल दिसतंय म्हणून विश्वास ठेवू नका, सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच बरोबर वाचतो, त्याच्याभोवती हवा किंवा वाफ असेल तर इंजिन तापलेलं असूनही तो थंड दाखवू शकतो.

मग शोध. मी या क्रमाने बघतो: आधी क्लॅम्प आणि पाइपांची टोकं, मग रेडिएटरचा खालचा भाग आणि कडा, मग टाकीची बूड (प्लॅस्टिकला बारीक तडा जातो), मग कॅपचं रबर, आणि मग वॉटर पंप. वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, बुजवायचं नसतं. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला कूलंटचा सील आणि दुसऱ्या बाजूला ऑइलचा सील असतो, मधली जागा या भोकातून बाहेर उघडते, म्हणजे कुठलाही सील गेला तर द्रव एकमेकात मिसळण्याऐवजी बाहेर टपकतो. तिथून कूलंट आलं तर कूलंटचा सील गेला, ऑइल आलं तर ऑइलचा. माझ्या गाडीला तिथे कित्येक महिने गुलाबी थर होता, कुणी वाकून बघितला असता तर एका सीलवर काम भागलं असतं, पुढे पंपाची दांडी आणि बेअरिंग पण बदलावं लागलं नसतं.

बाहेर कुठेच काही दिसत नाही आणि तरी लेव्हल उतरतेय, तर कूलंट आत जातंय. ऑइलची डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये. गरम झालेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर सतत येत असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये. इंजिन चालू असताना रिझर्व्ह टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटमधून (सिलिंडर आणि त्याचं वरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं पॅकिंग) सिलिंडरचा दाब कूलंटमध्ये येतोय. थंड सकाळी चालू केल्यावर दोन मिनिटं येणारी वाफ आणि डिपस्टिकच्या टोकावरचा थोडासा पांढरा चिकटा यावरून लगेच घाबरू नका, छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत नुसती आर्द्रता साठूनही तसं होतं.

गळती बंद करणारी पावडर किंवा लिक्विड टाकायचा मोह होतो. स्कूटरमध्ये मी ते कधीच टाकणार नाही, रेडिएटरच्या नळ्या आधीच इतक्या अरुंद असतात की भोकाबरोबर त्याही बुजतात.

कुठलं कूलंट घ्यायचं

रंग बघून घेऊ नका. हिरवं, निळं, लाल, गुलाबी हे फक्त रंग आहेत, प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने टाकते, एकाच रंगाची दोन कूलंट आतून पूर्ण वेगळी असू शकतात. बाटलीवर ॲल्युमिनियम इंजिनासाठी चालतं असं लिहिलेलं असावं आणि मॅन्युअलमधल्या वर्णनाशी जुळावं. जपानी कंपन्या बहुतेक सिलिकेट (एक गंजरोधक रसायन) नसलेलं कूलंट सांगतात कारण सिलिकेट वॉटर पंपाचा सील घासून लवकर खराब करू शकतं. आत कुठलं आहे हे माहीतच नसेल तर वरून दुसरं ओतण्यापेक्षा सगळं काढून नवीन भरणं बरं, अर्ध्या लिटरचा तर प्रश्न आहे.

दुसरं, बाटली तयार मिश्रणाची आहे की कॉन्सन्ट्रेट आहे ते नीट वाचा. तयार मिश्रण तसंच ओतायचं, त्यात पाणी घातलं तर ते पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतायचं नाही, निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असं बरेच जण समजतात, पण नुसतं ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं आणि उष्णता पाण्यापेक्षा बरीच कमी वाहून नेतं, त्यामुळे ६० टक्क्यांच्या वर न गेलेलं बरं.

पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्डच हवं. नळाच्या, बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार किटलीत जसा थर धरतात तसाच इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये धरतात आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं. पिण्याच्या बाटलीतल्या पाण्यातही क्षार असतातच. रस्त्यात गाडी कोरडी पडली आणि दुसरं काहीच हाताशी नाही तर साधं स्वच्छ पाणी घालून घरी या, इंजिन जाळण्यापेक्षा ते शंभरपट चांगलं, पण नंतर सगळं काढून नवीन कूलंट भरायचं विसरू नका.

बदलायचं कसं

साहित्य: मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मापापेक्षा थोडं जास्त कूलंट, पसरट ट्रे, नरसाळं, ड्रेन बोल्टचा नवीन वॉशर, योग्य मापाचा पाना, पॅनल काढायला स्क्रूड्रायव्हर, जुनं कूलंट साठवायला झाकणाची बाटली, रबरी हातमोजे, चष्मा, भरपूर फडकी.

१. गाडी रात्रभर थंड झालेली, सेंटर स्टँडवर, सपाट जागेवर. कुत्रा मांजर आणि लहान मुलं तिथे नकोत.

२. रेडिएटरची कॅप आणि ड्रेन बोल्ट दिसतील एवढी पॅनल काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, काढतानाच फोटो काढा.

३. ड्रेन बोल्ट बहुतेक वेळा वॉटर पंपाच्या कव्हरवर सगळ्यात खाली असतो, काही गाड्यांना तो नसतो आणि खालचा पाइप सोडावा लागतो. पंपावरचे इतर बोल्ट पण तसेच दिसतात, त्यामुळे मॅन्युअल बघून खात्री करा. ट्रे लावा, कॅप बंद ठेवूनच बोल्ट काढा, आधी थोडंसंच येईल. मग कॅप हळू उघडा, की धार एकदम लांब उडते, ट्रे थोडा पुढे सरकवून ठेवलेला असेल तर जमीन वाचते.

४. रिझर्व्ह टाकीसुद्धा रिकामी करा, नळी काढून किंवा सिरिंजने. तोंडाने नळी ओढायची नाही, कितीही घाई असली तरी नाही, हे विष आहे. टाकीच्या तळाला गाळ असेल तर धुऊन घ्या.

५. निघालेलं कूलंट मापून बघा. मॅन्युअलपेक्षा खूपच कमी निघालं तर एकतर आत बरंच शिल्लक आहे नाहीतर गाडी इतके दिवस कमी कूलंटवर चालत होती.

६. जुनं कूलंट स्वच्छ असेल तर आतून धुवायची गरज नाही. गढूळ असेल तर बोल्ट लावून डिस्टिल्ड वॉटर भरा, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडेपर्यंत इंजिन चालवा (साधारण ७० ते ८५ अंशांमध्ये तो उघडतो, वरचा पाइप गरम झाला की समजायचं), पूर्ण थंड होऊ द्या, काढा, स्वच्छ पाणी येईपर्यंत परत करा. पण आत पाणी शिल्लक राहतं हे लक्षात ठेवा: अर्ध्या लिटरच्या गाडीत शंभर मिली पाणी आत राहिलं आणि वर निम्म्या प्रमाणाचं तयार मिश्रण भरलं तर ग्लायकॉल ५० वरून ४० टक्क्यांवर येतं. शेवटच्या वेळी पाणी अगदी निथळू द्या, गाडी डावी उजवीकडे कलती करून.

७. नवीन वॉशर लावून बोल्ट आधी हाताने फिरवत बसवा, मग पान्याने मॅन्युअलमधल्या टॉर्कएवढाच (आवळायच्या जोराएवढाच) आवळा. बोल्ट छोटा आहे आणि आटे ॲल्युमिनियमचे आहेत, जोर लावला की आटे जातात आणि दहा मिनिटांचं काम दहा दिवसांचं होतं.

८. कूलंट हळू, बारीक धारेने भरा. भरताना पाइप हलके दाबत राहा, बुडबुडे वर येतील. हवा काढायचा वेगळा स्क्रू असेल (पुढे रेडिएटर असलेल्या गाड्यांना बऱ्याचदा असतो) तर तो सैल करा, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा.

९. कॅप उघडीच ठेवून इंजिन चालू करा, मोकळ्या हवेत, मागचा ब्रेक धरून कारण सेंटर स्टँडवर मागचं चाक फिरू शकतं. दोन तीन मिनिटं आयडलवर, मग तीन चार वेळा हलकासा ॲक्सिलरेटर द्या. अडकलेली हवा निघाली की लेव्हल खाली जाते, तेवढं भरा. यापेक्षा जास्त वेळ कॅप उघडी ठेवून चालवू नका, तापलं की उसळतं. इंजिन बंद, तोंडापर्यंत भरा, कॅप शेवटपर्यंत फिरवून बसवा. कॅपचं रबर कडक झालंय, स्प्रिंग गंजलीय असं दिसलं तर नवीनच लावा, कॅप दाब धरत नसेल तर चांगलं कूलंटही लवकर उकळेल.

१०. टाकी वरच्या रेघेपर्यंत भरा, सांडलेलं सगळं पाण्याने धुवा, रंगावर आणि रबरावर राहू देऊ नका, आणि तसं धुतलं म्हणजे नंतरची गळती पण लगेच ओळखू येते.

मग दहा पंधरा मिनिटांची फेरी मारा आणि गाडी रात्रभर ठेवा. सकाळी टाकीतली लेव्हल थोडी उतरलेली असेल, ती हवेची जागा कूलंटने घेतलीय, भरून टाका. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी परत बघा. तिसऱ्या दिवशीही उतरतच असेल तर आता ती हवा नाही, बोल्टचा वॉशर आणि पाइप बघा.

रेडिएटर बाहेरून

बाजूला बसवलेला रेडिएटर जमिनीच्या जवळ असतो, चाकाने उडवलेला चिखल आणि सुकी पानं त्या जाळीत जाऊन बसतात. कव्हर काढून मऊ ब्रश आणि साध्या नळाची हलकी धार, बास. प्रेशर वॉशरची बंदूक जवळून मारू नका, रेडिएटरची पातळ पाती दुमडतात आणि मग हवा जातच नाही. कूलंट व्यवस्थित असूनही गाडी गर्दीत तापत असेल तर मी आधी इथे बघतो.

रस्त्यात टेंपरेचरचा दिवा लागला तर

सुरक्षित जागी लगेच थांबा, "पुढच्या चौकापर्यंत" वगैरे नाही, तेवढ्यात हेड वाकू शकतं. इंजिन बंद करा. विजेचा पंखा असेल तर चावी ऑन करून पंखा फिरतोय का बघा, फिरत असेल तर फिरू द्या, फिरत नसेल तर फ्यूज बघा. बाजूच्या रेडिएटरवाल्या गाड्यांमध्ये पंखा इंजिनाच्या दांड्यावरच असतो, इंजिन बंद की तोही बंद, तिथे फक्त थांबणं आहे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातू एकदम आकसून तडा जाऊ शकतो. टाकीत कूलंट दिसत असेल आणि कुठून वाहत नसेल तर नीट थंड झाल्यावर हळू घरी नेता येईल. टाकी रिकामी असेल, तर थंड होईपर्यंत वाट बघून, भरून, आणि दिव्यावर डोळा ठेवूनच निघायचं. परत लागला तर गाडी उचलून न्यावी लागेल, त्याला दुसरा पर्याय नाही.

जुन्या कूलंटचं काय करायचं

एथिलिन ग्लायकॉलची चव गोड असते. कुत्री मांजरं ते आवडीने चाटतात आणि थोड्याशाने सुद्धा त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, लहान मुलांनाही तोच धोका. म्हणून ट्रे भरला की लगेच बाटलीत ओता, झाकण घट्ट लावा, वर मोठ्या अक्षरात विष असं लिहा, आणि ती बाटली शीतपेयाची नसावी. गटारात, मातीत, बेसिनमध्ये ओतू नका, वापरलेल्या कूलंटमध्ये इंजिनातून सुटलेले धातूही असतात. जुनं ऑइल गोळा करणारी वर्कशॉप बऱ्याचदा कूलंटही घेतात, आधी विचारून नेऊन द्या, पण जुन्या ऑइलच्या डब्यात मिसळून नेऊ नका, वेगळीच बाटली ठेवा. कुणी चाटलंय किंवा प्यायलंय अशी नुसती शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता तडक डॉक्टर किंवा जनावरांचा डॉक्टर गाठा, आणि जाताना कूलंटची बाटली बरोबर घ्या म्हणजे आत काय आहे ते त्यांना लगेच वाचता येईल.